पाण्याला नातं कळत नाही

पडद्यावरचा बाण हलला तेव्हा संध्याचा उजवा हात डब्याच्या झाकणावर होता आणि डावा मांडीवर. माउसला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. बाण मात्र घरातल्या माहितगार माणसासारखा सरळ निघाला, डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर थांबला, आणि चौकोन उघडला.

संध्याला आधी वाटलं, माउस बिघडला. भ्यायच्या आधी माणूस अशी एक स्वस्तातली समजूत काढून बघतोच. तिनं माउस उचलून हवेत धरला. बाण चालतच राहिला.

संध्या भित्री नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तिचा नवरा योगराज नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना जिप्सीतून फिरवतो, वाघ दिसला की पाहुण्यांना धीर देतो आणि घरी पाल दिसली की बायकोला हाक मारतो. त्या घरातली पाल मारणारी ही बाई. हिवरटोल्याच्या पुनाराम कापगत्याची थोरली लेक. तिरोड्याहून बोदलकशाच्या अंगानं जंगलाकडं गेलं की आसपासच्या गावांच्या नळयोजनेचं जलशुद्धीकरण केंद्र लागतं, तिथल्या नियंत्रण खोलीत ती कंत्राटावर ऑपरेटर होती. तलावाचं पाणी केंद्रात येतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीनचं द्रावण मिसळलं जातं आणि मोठे पंप ते गावोगावच्या उंच टाक्यांत ढकलतात. या नळावर पहिलं गाव हिवरटोलाच.

पूर्वी हे सगळं चाकं फिरवून चालायचं. मग पडदा आला. पंपाचं पॅनल एका कंपनीचं, पाणी मोजायचं मीटर दुसरीचं, क्लोरीन सोडणारा छोटा पंप तिसरीचा. काही बिघडलं की नागपूर-रायपूरहून माणूस येईस्तोवर गावं कोरडी पडायची. म्हणून या बाहेरच्या कंपन्यांना आपापल्या ऑफिसात बसून, इंटरनेटवरून, इथला संगणक चालवायची सोय करून दिली होती. सगळे त्याला 'रिमोट' म्हणत. सोय म्हटलं की दार आलं, आणि दार आलं की दारावर कुणीतरी हवं. ते काम संध्याकडं आलं. पगार तेवढाच राहिला, हे सांगायला नको.

तिची रीत अशी. कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला की ठेवून द्यायचा. मग आपण होऊन त्याच्या ऑफिसचा नंबर लावायचा आणि विचारायचं, हा तुमचाच माणूस का, आणि आज याचं इथं काय काम. तिकडून होकार आला की त्याच्या नावाचं दार उघडायचं, आपल्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्याला सांगायचा, आणि त्याचं काम संपेपर्यंत पडद्यावरची नजर काढायची नाही. काम झालं की दार बंद. पुण्याचा एक साहेब एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, मी काय तुमचं तळं चोरून नेणार आहे?" संध्या म्हणाली, "नेता येत असतं तर आतापर्यंत कोणी सोडलं नसतं." तेव्हापासून तिला सगळ्या कंपन्यांत हेडमास्तरीण असं नाव पडलं.

ही रीत कुण्या प्रशिक्षणातली नव्हती. ती बापाकडून आली होती. पुनाराम हिवरटोल्याच्या मामा तलावाचा पाणकर. मालगुजारांच्या काळी बांधलेल्या त्या तलावाचं पाणी पाळीपाळीनं धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, सोडायचं, एवढंच त्याचं काम, आणि त्यापायी अर्ध्या गावाशी त्याचं वाकडं. पाणी सोडलं की तो फावडं टेकून शेताच्या धुऱ्यावर उभा राहायचा, बांधी भरली की तोंड बुजवायचा, मगच घरी यायचा. सख्ख्या भावानं एकदा म्हटलं, राहू दे उघडं, मी पाहतो. पुनारामनं त्याच्यादेखत तोंड बुजवलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. घरी आल्यावर लहानग्या संध्याला पुनाराम म्हणाला, "पान्याले नातं समजत नाही, बाई. त्याले फक्त खाली जाता येते."

आणि अशा बापाच्या लेकीनं चूक केली ती नात्यातच.

क्लोरीनच्या पंपाच्या कंपनीचा इंजिनिअर धर्मेंद्र. आमगावचा मुलगा, नागपुरात नोकरी. पंप बसवायला आला तेव्हा केंद्रात जेवणाची सोय नव्हती, म्हणून संध्यानं त्याला हिवरटोल्याला बापाकडं जेवायला नेलं. शेजारीच तिची काकू निर्मलाबाई, काका वारलेला, घरात लग्नाची लेक टीना. पोरगा हसरा, नोकरीवाला, जेवल्यावर ताट स्वतः उचलणारा. पुढचं सांगायची गरज नाही. टीनाचं लग्न झालं आणि धर्मेंद्र हिवरटोल्याचा जावई झाला.

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडं म्हणतात. हिवरटोल्यात तर उरलेले नऊ त्याच्यापुढं पाणी भरतात. जावई दारात आला की त्याला कोण, कुठून, कशाला असं विचारत नाहीत. आधी पायावर पाणी, मग बोलणं. अन् इथं तर साळी त्याला फोनवर थांबवून त्याच्याच ऑफिसात चौकशी करत होती! धर्मेंद्रनं हसत हसत ही गोष्ट सासूला सांगितली असावी. निर्मलाबाईनं ती हसण्यावारी नेली नाही. एका लग्नाच्या पंगतीत, चार बायकांत, तिनं संध्याला गाठलं.

"काऊन व संध्या, माह्या जवायाले तू फोनवर ताटकळत ठेवते म्हने? त्याच्या हापिसात फोन लावून विचारते, हा तुमचाच का म्हनून? चोर हाय का तो?"

बायका हसल्या. संध्या ताटावर मान घालून जेवत राहिली. पुढच्या वेळी धर्मेंद्रचा फोन आला तेव्हा तोच म्हणाला, "ताई, दरवेळी कायले तरास करून घेता? माझ्यापुरतं उघडंच ठेवा ना. घरचाच तर आहे मी."

संगणकात तशी सोय होती. नावापुढं एक बारीक चौकोन, त्यावर टिचकी मारली की त्या माणसाला ओटीपी लागत नाही, नुसता पासवर्ड पुरतो, आणि दार कधी बंद होत नाही. संध्यानं टिचकी मारली. मारताना तिला बाप आठवला, म्हणून तिनं ती जरा घाईतच मारली. पुनारामला तिनं हे कधी सांगितलं नाही. धर्मेंद्रच्या ऑफिसला त्यानंतर तिनं एकदाही फोन केला नाही.

आज त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली होती. टीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता, आणि आज त्याचं बारसं होतं. सगळं हिवरटोला निर्मलाबाईच्या मांडवात. स्वयंपाकाला, पाहुण्यांना पाणी लागणार म्हणून गावच्या टाकीवरचा मंगरू दुपारीच नळ सोडणार होता. संध्याची ड्यूटी संपली की ती थेट बारशाला जाणार होती. नवी साडी पिशवीत घडी करून ठेवलेली.

तर बाणानं उघडलेला चौकोन क्लोरीनच्या पंपाचा होता. संध्यानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं आत आलेल्याचं नाव दिसतं. नाव होतं धर्मेंद्र.

तिचा जीव भांड्यात पडला. हात्तिच्या, जवाईबापू! स्वतःच्या लेकराच्या बारशालाही याला चैन नाही. तिनं हसतच फोन लावला. पलीकडून रेल्वेचा खडखडाट आणि चहावाल्याची हाक ऐकू आली.

"काय जवाईबापू, आज तरी काम सोडा ना!"

"कोणतं काम, ताई? मी गाडीत आहे. तुमसर सुटलं आता."

"मग हे गाडीतूनच करून राहिले का? लॅपटॉपवर?"

"ताई, माझ्याजवळ लॅपटॉप नाही," धर्मेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी नाही तो."

फोन कटला. पडद्यावर बाण अजून चालत होता, अगदी सावकाश.

खोलीचं दार लावलेलं होतं, खिडकीला जाळी होती, पंखा फिरत होता, आणि तरीही खोलीत कुणीतरी होतं. ते तिच्यासमोर बसून तिचंच काम करत होतं. तिनं क्लोरीनचा आकडा पाहिला. तो वरच्या टोकाला जाऊन टेकला होता. सकाळपासूनची रेघ उघडून पाहिली तर ती कधीचीच डोंगर चढत होती. मग भोंगा काऊन वाजला नाही? भोंग्याचा चौकोन पाहिला. तो कुणीतरी बंद करून ठेवला होता. सकाळी ती गाळणीच्या टाक्यांकडं फेरी मारायला गेली होती तेव्हाच केलं असणार. म्हणजे तेव्हापासून तो आत होता, आणि ती येऊन त्याच्यासमोर बसली होती.

तिनं आकडा खाली ओढला. आकडा परत वर गेला. तिनं पुन्हा ओढला. तो पुन्हा वर गेला. एका माउसवर दोन हात, त्यातला एक कुणाचा हे ठाऊक नाही. मग बाण थांबला. तिला वाटलं, गेला. तेवढ्यात बाणानं तिच्याच नावाभोवती एक गोल फेरी मारली, लहान मुलाला वाकुल्या दाखवाव्या तशी, आणि पडदा तिला पासवर्ड विचारू लागला. तिनं पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, एकेक अक्षर बघून दाबत. चुकलाच. आता ती बाहेर होती आणि तो आत.

तिनं कनिष्ठ अभियंता बिसेन साहेबांना फोन लावला. साहेब गोंदियाला बैठकीत होते, तोंडावर हात धरून बोलत होते.

"अरे मॅडम, सप्लाय बंद मत करो. ऊपर पूछना पड़ेगा. मैं बताता हूँ."

"साहेब, पाण्यात औषध जास्त जाऊन राहिलं! कोणी तरी आत शिरलं आहे!"

"आत म्हणजे? गेट पे चौकीदार नहीं है क्या?"

हे समजावून सांगायला वेळ नव्हता. संध्यानं फोन ठेवला, कपाटामागं हात घालून इंटरनेटच्या पेटीच्या वायरी चाचपल्या, आणि कोणती कोणाची हे न बघता सगळ्याच उपटल्या. पडदा गोठला. पण वायर उपटून आकडा खाली येत नाही. सोडलेलं पाणी मागं फिरत नाही, हे तर तिला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं.

ती क्लोरीनच्या खोलीकडं धावली. बाहेर पळसाच्या सावलीत चुन्नीलाल बसला होता, केंद्रावरचा मदतनीस. त्याला चार दिवस सर्दी, नाक चोंदलेलं. जगबुडी झाली असती तरी त्याला वास आला नसता. संध्यानं दार उघडलं आणि डोळ्यांत तिखट फेकल्यासारखं झालं. तोंडाला पदर लावून, डोळे मिटून, तिनं भिंतीवरचं पॅनल चाचपलं, खटका 'रिमोट'वरून काढून 'हात'वर आणला आणि छोटा पंप बंद केला. तशीच मोठ्या पंपांच्या शेडमध्ये गेली आणि लाल बटणावर तळहात आपटला. परवानगी साहेबांनी मागायची तर मागोत.

पंप थांबले. तिथं नोकरीला लागल्यापासून ते सगळे एकदम गप्प झालेले तिनं कधी ऐकले नव्हते. त्या शांततेत तिला पहिल्यांदा नीट विचार करता आला.

गेलेलं पाणी कुठं गेलं? हिवरटोल्याच्या टाकीत. टाकी कुणी उघडली? मंगरूनं. कुणासाठी? बारशासाठी. आणि बारशाच्या दिवशी आधी काय करतात? लेकराला न्हाऊ घालतात.

तिनं मंगरूला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. टीनाला लावला, तिनं उचलला नाही. निर्मलाबाईकडं फोन नव्हता. योगराज जंगलात, तिथं टॉवर नाही. आता एकच नंबर उरला होता आणि तो लावायची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

पुनारामनं बऱ्याच वेळानं फोन उचलला. तो बारशासाठी धोतर नेसत होता.

"बाबा, टाकीखालचा व्हॉल बंद करा. आत्ताच्या आत्ता. आणि टीनाकडं निरोप पाठवा, पाण्याले कोणी हात लावू नका म्हणून."

"पानी खराब झालं का?"

"हो."

"कोनं केलं?"

संध्याला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. "दार मी उघडं ठेवलं होतं, बाबा," ती म्हणाली.

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला.

चुन्नीलालला तिनं फाटकात उभं केलं, "साहेब सोडून कोणी आलं तरी आत घेऊ नको, कोणी म्हणजे कोणी," असं बजावलं आणि स्कूटी काढली. रस्ता मोहाच्या झाडांमधून जातो. उन्हं कडक, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिच्या डोळ्यांपुढं टीनाचं बाळ येत होतं, अजून नीट डोळेही न उघडणारं, आणि मोठ्या माणसाला झोंबणारं पाणी त्याच्या डोक्यावर धरलेलं. ती मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली, मग मध्येच थांबली, कारण देवाला काय सांगायचं हेच सुचेना. मी पंगतीत लाजले म्हणून असं झालं, हे सांगायचं?

टाकीखाली बायांचा गलका होता. पुनाराम व्हॉलच्या चाकावर बसला होता. गुडघे धरलेला तो म्हातारा घरापासून टाकीपर्यंत कसा आला आणि ते गंजलेलं चाक त्यानं कसं फिरवलं, कोण जाणे. नवं धोतर चिखलानं माखलं होतं आणि तळहात सोलले होते. गुंड-घागरी घेऊन आलेल्या बाया त्याला तोंडाला येईल ते बोलत होत्या. म्हातारपणी भाऊबंदकी आठवली का, भावाच्या घरचं शुभकार्य पाहवत नाही का, असं. तो चाक सोडत नव्हता. संध्याला पाहून एवढंच म्हणाला, "मी आलो तवा नळ चालूच होता. मांडवात निरोपाले पोट्टं धाडलं, पन त्या गलक्यात कोनी त्याचं आयकलं का नाही माहीत नाही. तू पय."

संध्या पळत सुटली. मांडवात हसणं चाललं होतं. निर्मलाबाईच्या अंगणात पाटावर टीना बसली होती, मांडीवर उघडं बाळ, कपाळाला हळद लावलेलं. पुढं पितळी घंगाळ नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं. निर्मलाबाईनं तांब्या बुडवला होता. कुणीतरी म्हणत होतं, आज औषधाचा वास लय येऊन राहिला ना, आणि दुसरी म्हणत होती, उन्हाळ्यात टाकतेतच, चांगलं असते ते.

ओरडून, समजावून सांगायला वेळ नव्हता. तिनं धावत येऊन घंगाळाला लाथ मारली.

घंगाळ कलंडलं, पाणी अंगणभर पसरलं, तांब्या निर्मलाबाईच्या हातातून उडाला. बारशाच्या दिवशी, बाळाच्या न्हाणाला, मावशीनं लाथ मारली. बाळ दचकून रडायला लागलं. ते कोरडं होतं. केसापासून टाचेपर्यंत कोरडं होतं. संध्या तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसली आणि लेकरापेक्षा मोठ्यानं रडली.

सगळेच काही कोरडे राहिले नव्हते. मांडवात धावपळ करून तहानलेल्या तीन-चार पोरांनी नळाला तोंड लावलं होतं. त्यांना ओकाऱ्या झाल्या, ओठ सुजले. त्यांना जीपमध्ये घालून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं, पण तो निरोप येईस्तोवर संध्याच्या जिवात जीव नव्हता. शिजलेला भात, वरण, वांग्याची भाजी, सगळं खड्डा करून पुरलं. गावभर दवंडी दिली. मंगरू टाकी रिकामी करायला चढला, आणि पुनाराम आपल्या अंगणातल्या जुन्या विहिरीवर दोर घेऊन उभा राहिला. उन्हाळ्याची विहीर, तळाला गेलेली. बादली अर्धीच भरून वर येई. लहान लेकरांच्या घरी आधी, मग म्हाताऱ्यांच्या. बाकीच्यांनी ओठ ओले करायचे.

धर्मेंद्र तिरोड्याहून ऑटोनं आला. हातात मिठाईचा डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट. संध्यानं त्याला गावाबाहेर टाकीजवळच गाठलं. जे करायला तिला दोन वर्षं लाज वाटली होती ते तिनं त्याच्यादेखत केलं. त्याच्या ऑफिसचा नंबर लावला आणि फोन दोघांना ऐकू येईल असा धरला.

"धर्मेंद्र आपलेच का? क्लोरीन पंपाचे?"

"नाही मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "ते दिवाळीतच इथून गेले. कळवलं नाही का कुणी तुम्हाला?"

धर्मेंद्र मिठाईच्या डब्याकडं पाहत राहिला.

"काढून टाकलं, ताई," तो म्हणाला. "लॅपटॉप त्यांनी ठेवून घेतला. घरी कसं सांगू? टीना पोटुशी होती. इथं सगळे जवाईबापू जवाईबापू करतेत. तुमचा फोन आला, पंप अडला म्हणून, का मी बाजारातल्या एका कम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसायचो आणि तिथून करून द्यायचो. वाटलं, काम तर होऊन राहिलं ना."

"त्या दुकानात किती लोकं बसतात?"

"कितीतरी."

"आणि पासवर्ड?"

"दरवेळी टाकायचा कंटाळा येई. तिथंच राहू दिला."

म्हणजे कुणीही. संध्याला हाताला धरायला एक चेहरा हवा होता, शिव्या द्यायला एक नाव हवं होतं, आणि समोर नुसतं गर्दीचं दुकान आलं. पुढं पोलीस त्या दुकानात गेले, पण तो कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही. ही भीती तिच्या अंगातून गेलेली नाही. ती डबा उघडते तेव्हा अजूनही एक डोळा बाणावर असतो.

"माझ्यापायी झालं हे," धर्मेंद्र म्हणाला. "पण ताई, आजच्या दिवस घरी बोलू नका. हात जोडतो."

"साहेबांना मी आजच सांगणार. दार मी उघडं ठेवलं हेही आणि तुम्ही कामावर नाही हेही," संध्या म्हणाली. "घरी तुमचं तुम्ही सांगा. पण एक ऐकून घ्या. तुमच्या लेकराच्या न्हाणाचं पाणी घंगाळात भरलेलं होतं. तांब्या बुडलेला होता."

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. त्याच्या हातातला डबा खाली पडला आणि तो त्याला उचलायचा राहूनच गेला.

घराच्या दारात निर्मलाबाई उभी होती. काही झालं तरी जावई दारात आला होता, आणि पाण्यावाचून जावयाला उंबरठा ओलांडू देईल ती निर्मलाबाई नव्हे. पुनारामच्या विहिरीचं एक लोटीभर पाणी तिनं मांडवातल्या बायांच्या नजरा चुकवून बाजूला ठेवलं होतं. त्याच्या पायांवर ते ओतायला ती वाकली. सुकलेल्या ओठांनी सगळा मांडव त्या लोटीकडं बघत होता. पुनाराम विहिरीचा दोर हातात तसाच धरून बघत होता. संध्या त्याच्याशेजारी उभी होती.

धर्मेंद्रनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला.

"राहू द्या, आई," तो म्हणाला. "हे पानी लेकराले ठेवा."

निर्मलाबाईचे डोळे भरून आले. लोटी छातीशी धरून ती मांडवाकडं वळली.

"पाहा व बायांनो, असा गुनाचा जवाई भेटाले भाग्य लागते! अन् आमची ही संध्या, याले फोनवर ताटकळत ठेवत होती! हापिसात विचारत होती, हा तुमचाच का म्हनून!"

त्या दिवसात पहिल्यांदा मांडवात हसू फुटलं. बाया हसल्या, टीना हसली. पुनाराम हसला नाही. त्यानं आधी जावयाकडं पाहिलं, मग लेकीकडं.

धर्मेंद्र मान खाली घालून उंबरठ्याबाहेरच उभा होता. तो हळूच बोलला, पण हसणं थांबलं तेव्हा ते सगळ्यांना ऐकू आलं.

"ताटकळत ठेवाले पाहिजे होतं, ताई."